मुकं जनावर

'मुकं जनावर' हा शब्द मराठीत ज्या कोणी रूढ केला, तो गृहस्थ एकतर ठार बहिरा असला पाहिजे किंवा त्याला शेजार तरी नसला पाहिजे. शाळेत असताना गाईवरचा निबंध आम्ही 'मुक्या प्राण्यांवर दया करा' या वाक्याने संपवीत असू आणि मास्तर त्याला हमखास दहापैकी सात गुण देत. आज वयाच्या ७२व्या वर्षी, रात्री पावणेदोन वाजता, उशी दोन्ही कानांवर दाबून मी त्या सात गुणांची परतफेड करतो आहे.

आमच्या झोपण्याच्या खोलीच्या खिडकीपासून चार हातांवर, समोरच्या घराच्या व्हरांड्यात, असेच एक मुके जनावर राहते. त्याचे नाव ब्रूनो. ते साधारण साडेअकराला बोलू लागते आणि पहाटे चारला थांबते. मुद्दे संपतात म्हणून थांबते असे समजू नका, घसा बसतो म्हणून थांबते. भुंकणारा कुत्रा चावत नाही म्हणतात. अहो, चावला असता तर परवडले असते! चावा एकालाच लागतो आणि त्यावर इंजेक्शन तरी निघाले आहे.

ज्यांनी खोताची वाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गिरगावात जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून आत वळले की रहदारीचा कल्लोळ मागे राहतो आणि बोळ सुरू होतात. समोरून माणूस आला तर दोघांपैकी एकाने खांदा तिरका करायचा, अशी आमची वाहतूक. दोन्ही अंगांना पोर्तुगीज वळणाची लाकडी घरे, बाहेरून चढणारे जिने, पुढे व्हरांडा. खोत नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांनी जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले आणि वाडी वसली. मागाहून आमच्यासारखे भाडेकरू चाळींतून येऊन चिकटले. एकेकाळी इथे पासष्ट घरे होती, आता त्यांची निम्मीही उरलेली नाहीत. १९९५ साली सरकारने वाडीला वारसा म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून गळ्यात कॅमेरे अडकवलेली मंडळी रविवारी सकाळी येतात आणि "किती शांत आहे नाही इथे?" असे एकमेकांना म्हणतात. सकाळी दहा वाजता ब्रूनो झोपलेला असतो, हे त्यांना कोण सांगणार!

माझी दुसरी खिडकी बोळाच्या वळणावर आहे. त्यामुळे वाडीत हरवलेला प्रत्येक माणूस पत्ता मलाच विचारतो. इथल्या घरांचे नंबर बाहेरच्याला उमगणे कठीण. गेली चाळीस वर्षे मी हे चौकशीचे खाते बिनपगारी चालवतो आहे आणि आजवर एकाही माणसाला चुकीचा रस्ता दाखवलेला नाही. ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवतो, पुढे लागेल.

मी नाजूक झोपेचा माणूस आहे, असे कोणी म्हणू नये. माझे बालपण ट्रामच्या खडखडाटात गेले. १९६४ साली ट्राम बंद झाली तेव्हा पहिले आठ दिवस मला झोप लागेना. वाडीपासून हाकेच्या अंतरावर केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, म्हणजे गणपतीच्या आवाजाची सवय आम्हांला तीन पिढ्यांची. पाडव्याच्या शोभायात्रेचे ढोल, नाताळच्या रात्री वाडीत चालणारे गाणे-बजावणे, आणि अलीकडे काही वर्षे गिरगावच्या पोटात चाललेली मेट्रोची खोदाई, ह्या सगळ्यांत मी घोरलेलो आहे. २०२५च्या ऑक्टोबरात ती मेट्रो एकदाची धावू लागली आणि वाटले, आता सुख! पण खोदाई थांबल्यावर ब्रूनोचा आवाज जास्तच स्वच्छ येऊ लागला.

ह्या आवाजांत आणि ब्रूनोच्या आवाजात फरक आहे. ढोल वाजत असतो तेव्हा ढोलवालाही जागा असतो. ज्याचा आवाज तो जागा, असा साधा हिशेब आजवर गिरगावात होता. ब्रूनोचे तसे नाही. ब्रूनो व्हरांड्यात आणि त्याचे मालक आत. दारे बंद, खिडक्या बंद, काचा बंद, वर एसी घरघरतोय. म्हणजे कुत्रा त्यांचा आणि भुंकणे आमचे. नफा घरात, तोटा गल्लीत!

ब्रूनो आला २०२० साली, टाळेबंदीत. समोरचे तरुण जोडपे घरातूनच काम करी. दिवस जाता जात नव्हता, तेव्हा त्यांनी एवढेसे पिल्लू आणले. खोटे कशाला बोलू, फार गोड होते. कान जमिनीला लागत आणि चालताना त्यांच्यावरच पाय पडे. ते दोघे चोवीस तास त्याच्याजवळ. त्याला मांडीवर घेऊन ऑफिसच्या मीटिंगा चालत. पुढे ऑफिसे उघडली. साहेब सकाळी जातात, बाई दुपारी जातात, दोघेही रात्री उशिरा दमून येतात, जेवतात आणि दार लावून घेतात. ब्रूनोला मात्र ऑफिसे उघडल्याचे अजून कोणी कळवलेले नाही.

त्यातून जात बीगल. मी त्याची माहिती काढली. झोप नसली की माणसाचे वाचन वाढते. ही जात इंग्लंडात सशांच्या शिकारीसाठी जोपासली गेली. कळपाने वास काढत जायचे आणि मागून येणाऱ्या शिकाऱ्याला कळावे म्हणून मोठ्याने गळा काढायचा, एवढे दोनच गुण पिढ्यान् पिढ्या निवडून तिच्यात भरले. खोताच्या वाडीत ससा नाही, शिकारी नाही. राहिला गळा.

गेल्या फेब्रुवारीपर्यंत मी हे सोसत होतो. मग आमच्या हिच्या हृदयात दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी गोळ्यांची यादी दिली आणि वर म्हणाले, "आणि झोप. झोप पूर्ण झाली पाहिजे, तिच्यात तडजोड नको." गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात. झोप कुठून आणणार? ती समोरच्यांच्या व्हरांड्यात अडकली होती.

तेव्हा गेलो. कधी नव्हे ते इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मालकांनी "या, या अंकल" म्हणून बसवले, कॉफी दिली. ब्रूनोने माझा पंजा चाटला. मी विषय काढला तशी बाई हसून म्हणाल्या, "काही करत नाही हो तो."

हे वाक्य कुत्रा पाळणाऱ्यांच्या धर्मग्रंथातले पहिले वाक्य आहे. कुत्रा तुमच्या धोतराला लोंबकळत असतानासुद्धा ते म्हटले जाते.

"करत काही नाही, पण बोलतो फार," मी म्हणालो.

"अंकल, भुंकणं हा त्याचा नॅचरल स्वभाव आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी मोबाइलवर मला एक परिपत्रक दाखवले. भारतीय पशुकल्याण मंडळाचे, २०१५चे. त्यात लिहिले आहे की भुंकणे ही कुत्र्याची व्यक्त होण्याची रीत आहे आणि सुसंस्कृत समाजाने ती सहन केली पाहिजे. मी चष्मा लावून पुढचे वाचले. लगेच पुढेच लिहिले आहे की सतत भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, म्हणून कुत्र्याला, विशेषतः रात्री, शांत ठेवायचा पालकांनी होईल तेवढा प्रयत्न करावा. मी ते वाक्य बोटाने दाखवले. साहेबांचे बोट अडखळले, पडदा सरकला आणि ब्रूनोचा वाढदिवसाचा फोटो आला. डोक्यावर टोपी होती. व्यक्त होण्याचा हक्क ब्रूनोला आणि सहन करण्याचे कर्तव्य मला, अशी ही वाटणी आहे. मंडळाने तिसरा एक माणूस सांगितला आहे, तो कॉफी ओतत होता.

"तुम्हांला प्राणी आवडत नाहीत का?" बाईंनी शेवटी विचारले.

ह्या प्रश्नाला उत्तर नसते. दोन वाजता रात्री शेजाऱ्याचा रेडिओ बंद करा म्हटले, तर कोणी "तुम्हांला संगीत आवडत नाही का?" असे विचारत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तक्रार केली की तुम्ही एकदम खाटीक होता.

चौकीवरही जाऊन आलो. तिथले हवालदार सज्जन होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीत रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, एवढा अभ्यास मी करून गेलो होतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "लाऊडस्पीकर लावलाय का त्यांनी?" मी म्हणालो, "नाही, तोंडानेच." "मग आजोबा, त्याला पंचनाम्यात काय लिहू? आरोपी व्हरांड्यात राहतो, नाव ब्रूनो?" आम्ही दोघेही हसलो. हसण्याखेरीज दुसरे काही होण्यासारखे नव्हते. पण मला तरी ब्रूनोवर कुठे खटला भरायचा होता?

माझ्या एका भाच्याने परदेशातून मला समजूत म्हणून एक बातमी पाठवली. फ्रान्समध्ये ओलेरॉन नावाच्या बेटावर मोरिस नावाचा कोंबडा होता. तो पहाटे आरवतो म्हणून शेजाऱ्यांनी खटला भरला आणि २०१९ साली कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे २०२१मध्ये तिथल्या संसदेने कायदाच केला की खेड्यापाड्यांतले आवाज आणि वास हासुद्धा देशाचा वारसा आहे. भाचा लिहितो, "मामा, तुमची वाडीही हेरिटेज, तेव्हा ब्रूनोही हेरिटेज!"

भाचा हुशार आहे, पण त्याने बातमी उलटी धरली. तिथे कोंबडा गावातला जुना आणि तक्रार करणारे सुट्टीपुरते येणारे बाहेरचे. इथे जुने आम्ही. आणि वारशाचेच म्हणाल तर वाडीतही पूर्वी कोंबडे होते. मागच्या आंटींच्या अंगणातला कोंबडा पहाटे पाचला आरवायचा. कोणी कुरकुर केली नाही. एक तर तो घड्याळासारखा वेळेवर आरवायचा, आणि दुसरे म्हणजे त्याला नाताळपर्यंतचीच मुदत असायची, हे त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होते.

आमच्याही घरी पोपट होता. आज आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि बरेच झाले. पण मी सांगतो ती गोष्ट १९६०च्या आसपासची. हा पोपट पहाटे साडेचारला दूधवाल्याच्या आवाजात "दूऽऽध" म्हणून ओरडायचा. अख्खी चाळ भांडी घेऊन दाराशी! दुसऱ्या दिवशी वडील बिऱ्हाडोबिऱ्हाडी जाऊन माफी मागून आले आणि रात्री त्यांनी गॅलरीतला पिंजरा उचलून आत आणला, तो थेट आपल्या उशाशी ठेवला. पिंजऱ्यावर आईचे जुने लुगडे टाकले. पहाटे पोपटाने तोंड उघडले की वडील लुगड्याखाली हात घालून त्याला मिरची द्यायचे. वर्षभर त्यांची झोप साडेचारला मोडली. पण त्यांच्या मागोमाग दुसऱ्या कोणाची मोडली नाही. ते महापालिकेत साधे कारकून होते. कुठल्या परिपत्रकाने त्यांना हे शिकवले नव्हते. ज्याचे जनावर त्याची झोप आधी मोडायची, शिल्लक राहिला आवाज तर मग शेजाऱ्यांकडे, एवढेच त्यांना ठाऊक होते. माझे तरी ह्याहून वेगळे मागणे काय आहे?

आणि मुंबईने कुत्र्यांवर प्रेम केले नाही, असे तर म्हणूच नका. ह्या शहरात कुत्र्यांसाठी दंगल झाली आहे! ६ जून १८३२. कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावले होते. आठ आण्यांच्या लोभाने पोलीस पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. तेव्हा कोटातले पारशी चिडले. कुत्रा त्यांच्या धर्मात मानाचा. त्यांनी पोलिसांना चोप दिला, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद पाडली, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडवली. शेवटी लष्कर आणावे लागले. पुढे ह्याच शहरात परळला जनावरांसाठी बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे इस्पितळ उभे राहिले, त्याला सारे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. अशा शहरात मी राहतो. ती माणसे कुत्र्यासाठी घरातून उठून लष्करासमोर उभी राहिली. आमचे श्वानप्रेमी कुत्र्यासाठी पलंगावरून खाली उतरत नाहीत. भांडण आहे ते एवढेच.

हे सगळे मी एका रात्री अंधारात हिला ऐकवत होतो. अर्थात ब्रूनोच्या पार्श्वसंगीतावर. ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तो भुंकत नाहीये हो. हाका मारतोय."

"कोणाला?"

"ते आतले दोघं. सासूबाई नव्हत्या का शेवटच्या वर्षी?"

आई शेवटच्या वर्षी रात्र-रात्र हाका मारायची. माहेरच्या माणसांना, मेलेल्या भावंडांना, कधी मलाच लहानपणीच्या नावाने. मी समोर उभा असलो तरी. आम्ही आळीपाळीने जागायचो. सकाळी ही वाटीत काहीबाही घेऊन शेजारी जायची आणि "काल फार त्रास झाला का हो?" विचारायची.

"वाडीत कोणी तेव्हा एक शब्द बोललं नाही," ही म्हणाली. "कारण आपल्याकडे दिवा जळताना दिसायचा सगळ्यांना."

मी समोर पाहिले. व्हरांड्यामागची खिडकी काळीकुट्ट होती. एसीचे पाणी टपटपत होते.

मग मी आणखी थोडे वाचले. लांडगा मोठा झाला की क्वचितच भुंकतो. भुंकण्याची एवढी सवय कुत्र्याला लागली ती माणसाच्या संगतीत. हंगेरीतल्या काही संशोधकांनी २००५ साली कुत्र्यांचे भुंकणे ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवले. कुत्रा चिडला आहे, खेळतो आहे की एकटा पडला आहे, हे लोकांनी बऱ्यापैकी ओळखले. ज्यांनी जन्मात कुत्रा पाळला नव्हता, त्यांनीसुद्धा. म्हणजे जो खास माणसाशी बोलण्यासाठी आवाज कमावून बसला, त्याला आम्ही मुका म्हणतो. आणि जो ऐकत नाही, त्याला श्वानप्रेमी!

त्या रात्रीपासून मी एक वेडेपणा सुरू केला. ब्रूनोने गळा काढला की मी खिडकी उघडतो आणि त्याच्याशी बोलतो. पहिल्या दिवशी "गप रे" म्हणालो. तो गप बसला आणि मान वाकडी करून पाहू लागला. पुढे काय बोलायचे ते सुचेना, म्हणून ट्रामची हकीकत सांगितली. तो कठड्याच्या गजांत नाक घालून ऐकत राहिला. पाच-सात मिनिटांत पंजांवर डोके ठेवून झोपला. माझ्या हकिकती ऐकून घरची माणसे आजवर झोपत आली आहेत, तेव्हा मला त्याचे नवल वाटले नाही. रोज दोनदा उठावे लागते. ही मात्र आता झोपते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी परवा जिन्यात थांबून हिला हळूच विचारत होत्या, "काकांची तब्येत बरी आहे ना? रात्री दोन वाजता ट्रामबद्दल बोलत असतात."

गेल्या मंगळवारी गंमत झाली. उकाडा असा की कौले तडकतील. सव्वाएकला ब्रूनोने सुरुवात केली. मी खिडकी उघडली आणि तेवढ्यात समोरचे दार उघडले. दिवा लागला. साहेब बनियनवर, घामाने चिंब, बाहेर आले. ब्रूनोकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"एसी बंद पडलाय," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "अंकल, हा... केव्हापासून भुंकतोय?"

"तीन वर्षं," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. तिथेच पायरीवर बसले. ब्रूनोला पहिल्यांदा खरेच वाटेना. तो दोनदा त्यांच्याभोवती फिरला, मग त्यांच्या मांडीवर डोके टाकून त्याने जो उसासा सोडला, तो मला चार हातांवर ऐकू आला. बऱ्याच वेळाने पाहिले तेव्हा दोघेही भिंतीला टेकून झोपले होते. दिवा जळतच होता. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिन्ही रात्री वाडीत कुत्र्याचा आवाज नाही. मी सवयीने दोनला जागा झालो आणि उगाच खिडकीत उभा राहिलो.

काल बाई म्हणत होत्या की एसी दुरुस्त करणारा माणूस परवा येणार आहे. नवीन आहे, वाडीत पूर्वी कधी आलेला नाही. "अंकल, तो तुमच्या खिडकीशी विचारेल, त्याला जरा आमचं घर दाखवाल ना?"

चाळीस वर्षांत मी एकाही माणसाला चुकीचा रस्ता दाखवलेला नाही. परवा दुपारी मी खिडकीतच बसणार आहे. बघू.